विलास गुरुजींचं सुजलेलं तोंड

दारू पिऊन बदनाम व्हायला निदान दारू तरी प्यावी लागते. विलास गुरुजींना तेवढीही तसदी घ्यावी लागली नाही. जन्मात एक थेंब जिभेवर न ठेवलेला माणूस, युसूफ वडगावच्या शाळेत तिसरीला शिकवणारा, आणि सगळं गाव म्हणतंय, गुरुजी घेतात. त्यांची बायको वनिता अंगणवाडी चालवायची. चाळीस पोरांची वजनं तिला तोंडपाठ होती, पण गावाचं तोंड कसं धरायचं हे काही तिला दोन वर्षांत जमलं नव्हतं.

सुरुवात काविळीनं झाली. एकदा येऊन गेली, परत आली, तेव्हा गुरुजींना अंबाजोगाईला नेलं. तिथं सुई घालून लिव्हरचा कणभर तुकडा तपासला. डॉक्टर मेहेक म्हणून तरुण मुलगी होती, समजावून सांगायची भारी हौस.

"गुरुजी, रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात ना, त्यातल्या काहींचं काम फक्त लक्षात ठेवायचं. एकदा शत्रू बघितला की वर्षानुवर्षं विसरत नाहीत. तुमच्यात झालंय असं, की त्यांनी चुकून तुमच्याच लिव्हरला शत्रू ठरवलंय. आणि आता त्या लिव्हरमध्येच मुक्काम ठोकून बसल्यात."

"मग काढून टाका की त्यांना," वनिता म्हणाली.

"काढता येत नाहीत, ताई. गोळ्यांनी गप्प बसवता येतात. रिपोर्ट चांगला आला तरी त्या आत असतातच. मनानं गोळी बंद केली की उठल्याच म्हणून समजा."

गोळ्यांनी लिव्हर सावरलं, पण तोंड सुजलं. गाल फुगले, डोळ्यांखाली पिशव्या आल्या, चेहरा लाल झाला. त्यात गोळ्या आणायला गेले की दुकानात लिव्हरचा कागद दाखवावा लागायचा. गावाला आणखी काय पाहिजे होतं? सुजलेलं तोंड आणि बिघडलेलं लिव्हर, निकाल लागला.

अंगणवाडीत खिचडी शिजवणाऱ्या वत्सलाबाईंनी तर एक दिवस वनिताच्या हातात कागदाची पुडी ठेवली. "ताई, लाजू नका. आमचं मालकबी असंच सुजायचं. चहातून द्या, सुटती."

वनिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाई मनानं चांगली, म्हणून तिनं पोरांना शिकवावं तसं सगळं सांगितलं, पेशी काय, गोळ्या काय, सूज कशानं. वत्सलाबाईंनी मान डोलवत सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "ते समदं खरं हाय, ताई. पण पुडी वाया घालू नका."

आता असल्या माणसांपुढं हात टेकायचे नाहीत तर काय करायचं?

गुरुजी आधी हसण्यावारी न्यायचे. "त्या पेशी काय अन् आपलं गाव काय, एकदा ठरवलं की ठरवलं," म्हणायचे. हसणं बंद झालं ते गेल्या वर्षी. अशोक विजयादशमीला विहारात बावीस प्रतिज्ञा वाचायचा मान बारा वर्षं त्यांचा होता. गुरुजी एकेक प्रतिज्ञा म्हणायचे, वस्ती त्यांच्या मागून म्हणायची. दारू न पिण्याची प्रतिज्ञा आली की त्यांचा आवाज चढायचा, कारण त्यांचा बाप दारूनंच गेला होता आणि ते वस्तीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तर गेल्या वर्षी विहार समितीचे अध्यक्ष रामहरीभाऊ घरी आले, चहा घेतला आणि कपात बघत म्हणाले, "यंदा प्रविणला वाचू द्या, गुरुजी. तुमच्या तब्येतीला बरं न्हाई."

गुरुजी बरं म्हणाले. त्या दिवशी ते सगळ्यात मागं, चपलांजवळ बसले. प्रविण तीन ठिकाणी अडखळला.

यंदा पोळा झाला आणि गुरुजींचं तोंड उतरायला लागलं. गालफडं दिसायला लागली, शर्टाचं वरचं बटण लागायला लागलं. डॉक्टरनं डोस कमी केलाय, असं ते म्हणाले. वनितानं स्वतः त्यांना आरशासमोर उभं केलं. "लई दिवसांनी तुमी तुमच्यासारखे दिसताय," ती म्हणाली, आणि गुरुजी लग्नातल्यासारखे लाजले. पंधरा दिवसांत रामहरीभाऊ परत आले. यंदा गुरुजींनीच वाचायचं ठरलं.

विजयादशमीला सकाळी वस्ती पांढरे कपडे घालून विहारात जमली. गुरुजी दारात उभे होते, ऊन थेट तोंडावर. वनिता त्यांची कॉलर नीट करायला पुढं झाली आणि तिचा हात तसाच राहिला. डोळ्यांतला पांढरा भाग हळदीचं बोट फिरवल्यासारखा पिवळा झाला होता.

"गोळ्या घेताय ना?" तिनं हळूच विचारलं.

"वाचन झाल्यावर बोलू."

"कधीपासनं बंद केल्या?"

"पोळ्याच्या आधीपासनं," ते म्हणाले आणि आत गेले.

बाई गं, त्या अर्ध्या तासात वनिताच्या जिवाचं काय झालं ते तिलाच माहीत. प्रतिज्ञा चालू असताना मधेच उठायचं कसं? नवरा खणखणीत आवाजात वाचतोय, वस्ती मागून म्हणतीय, तीही म्हणतीय, आणि आत लिव्हरवर काय चाललंय ते त्या गर्दीत फक्त दोघांना माहीत. तिला त्यांचा राग आला, गावाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. चेहऱ्याचं कौतुक करताना एकदा गोळ्यांची पाकिटं बघायचं तिला सुचलं नव्हतं.

वाचन संपलं. रामहरीभाऊंनी गुरुजींच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, मनावर घेतलं की माणूस सुटतो."

वनिता उठली. "भाऊ, ते कधी पीतच नव्हते. त्यांचं तोंड गोळ्यांनी सुजत होतं. तुमी वाचू द्यावं म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या. डोळे बघा त्यांचे."

कुणी डोळे बघितले नाहीत. सगळ्यांनी वनिताकडं बघितलं, नवऱ्याचं झाकणाऱ्या बाईकडं बघतात तसं. "हो, ताई," रामहरीभाऊ मायेनं म्हणाले. "बसा तुमी."

तिसऱ्या दिवशी गुरुजींना उलट्या सुरू झाल्या. अंबाजोगाईला डॉक्टर मेहेकनं रिपोर्ट बघितला. मग म्हणाली, "त्या पेशींना दोन महिने मोकळं रान मिळालं. लिव्हरचा बराच भाग कडक झालाय. जळजळ आपण थांबवू, पण जे गेलं ते सगळं परत येईल असं मी सांगू शकत नाही. गोळ्या आता जास्त लागतील, आणि कायमच्या. तोंडही जास्त सुजेल." गुरुजींनी भिंतीकडं तोंड फिरवलं. चार दिवस सिस्टर गोळ्या आणायची आणि ते नंतर घेतो म्हणायचे. वनितानं समजावलं, रागावली, हात जोडले. शेवटी डॉक्टरनं सुईतून औषध चालू केलं, पण घरी गेल्यावर गोळ्या त्यांनाच गिळाव्या लागणार होत्या.

पाचव्या दिवशी दुपारी रामहरीभाऊ मोसंब्या घेऊन भेटायला आले. प्रवासानं दमले होते. स्टुलावर बसले, गुरुजींचा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"गुरुजी, झालं गेलं. कुणी नावं ठेवणार न्हाई तुमाला. पण आता शब्द द्या मला, परत हात लावणार न्हाई म्हणून."

वनितानं तोंड उघडलं. बोलायला सगळं होतं तिच्याकडं, रिपोर्ट होता, डॉक्टर शेजारच्या वॉर्डात होती. पण गुरुजींनी तिला हातानंच थांबवलं.

"दिला शब्द," गुरुजी म्हणाले. "परत न्हाई पिणार."

रामहरीभाऊ समाधानानं उठले. जाताना वनिताला म्हणाले, "बघा ताई, कबूल केलं की माणूस हलका होतो."

ते गेल्यावर गुरुजींनी हात पुढं केला. "दे त्या गोळ्या," ते म्हणाले. "आता कुणाला काय पटवायचं राहिलं न्हाई."

दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी गोळ्या गिळल्या. एवढ्यासाठीच वनितानं जिवाचं रान केलं होतं. ग्लास परत घेताना तिला रडू आवरेना.