तिसरी ओळ

देवरावकाकांना मेमो मिळाला त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही. उपाशी राहून मेमो मागे जात नाही, हे मलाही कळतं. पण चूक माझी होती आणि सही त्यांच्याकडून मागत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी.

हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात कुठल्या डायला, म्हणजे साच्याला, किती दाब द्यायचा, याची पत्रकं कॉम्प्युटरवर शोधावी लागतात. ती शोधयंत्रणा मी बनवलेली. पत्रकांची नावं सगळी इंग्रजीत, सगळी सारखी, फरक फक्त शेवटच्या दोन आकड्यांचा. मराठीत नावं द्या असं मी दोनदा लिहून दिलं, कोणी उत्तर दिलं नाही. मग कामगारांनी आपला मार्ग काढला. देवरावकाका प्रेस, म्हणजे दाबयंत्र, चालवतात; त्यांनी तिच्या अंगावर खडूने लिहिलं, 'ओळ ३'. शिफ्ट बदलली की पुढचा माणूस तेच बघून यादीतली तिसरी ओळ उघडायचा. वर्षभर कधी बिघडलं नाही.

मग आमचे मॅनेजर उन्मेष सर म्हणाले, नवीन पत्रक वर आलं पाहिजे, जुनं कोण वाचतं? मी मान डोलावली आणि नव्या तारखेला जास्त गुण दिले; ज्याचे गुण जास्त, ते पत्रक यादीत वर. गेल्या सोमवारी तीन पत्रकं एकाच दिवशी सुधारली गेली. तिन्हींचे गुण सारखे. बरोबरी झाली तर आधी कोण, हे मी शोधयंत्रणेला सांगितलंच नव्हतं. ती दर वेळी मनाला येईल तसा क्रम लावत होती. काकांनी तिसरी ओळ उघडली, तिथे दुसऱ्याच डायचं पत्रक होतं; त्यातला दाब दिला आणि डाय तडकली.

मेमोत लिहिलं होतं, 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा'. चौकशीत सिद्ध झाला तर निलंबन.

"सकाळी तिसऱ्या ओळीत माह्या डायचंच पत्रक होतं," काका चौकशीत म्हणाले. "दुपारी दुसरंच निघालं. मी खोटं काहून बोलू साहेब?"

"कॉम्प्युटर असा बदलत नाही," उन्मेष सर म्हणाले.

मी काकांसमोर कीबोर्ड सरकवला. त्यांनी तेच शब्द शोधले. यादी आली. पुन्हा शोधले, तिसरी ओळ बदलली. तिसऱ्यांदा आणखी वेगळीच.

"नेट स्लो असेल," सर म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "नेट स्लो असलं तर यादी उशिरा येते सर, उलटीपालटी येत नाही. चूक माझी आहे. मेमो द्यायचाच तर मला द्या."

बरोबरी झाली तर पत्रकाच्या नंबराप्रमाणे लाव, एवढंच मी तिथे बसून यंत्रणेला सांगितलं. पाच मिनिटांचं काम. काकांनी अकरा वेळा शोधून पाहिलं. यादी हलली नाही.

"चला, मिटलं," सर म्हणाले. "मेमो राहू द्या. मी तुमच्या फाइलला 'तांत्रिक कारण' असं नवीन पत्र जोडतो. फाइल उघडली की नवीन पत्र वर दिसेल, मेमो खाली जाईल."

काका खुर्चीतून उठले नाहीत.

"खालचं वर यायले किती टाइम लागते, ते आताच पाहिलं न साहेब तुम्ही. मले तो मेमोच नाही पाहिजे."

शेवटी सरांनी मेमो मागवला, त्यावर आडवी रेघ मारली आणि 'रद्द' लिहिलं. काकांनी त्याखाली सरांना तारीख घालून सही करायला लावली, दोन्ही प्रतींवर. मग प्रेसवरचं 'ओळ ३' पुसून तिथे पत्रकाचा पूर्ण नंबर लिहिला.

मला मेमो आला नाही. मी दोनदा मागितला. सर म्हणाले, तुमची चूक तांत्रिक होती. काकांनी स्वतःची चूक नसताना केलेलं काम निष्काळजीपणा, आणि मी केलेली चूक तांत्रिक. ते दोन शब्द कोण कोणासाठी वापरतं, ते मात्र या कारखान्यात कधी बदलत नाही.