माझ्या पोटातला पोपट

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर भांडण नको. लाईट गेलेली आहे, माझा पडदा काळाठिक्कर आहे आणि तरीही मी बोलतो आहे, इथूनच अविश्वासाला सुरुवात करा! व्यंकटरावांकडे रविवारचं टायपिंग शिकायला तुम्ही पोरं आलात आणि सतरंजीवर बसून लाईटची वाट बघता आहात. तेवढ्यात माझी कहाणी ऐकून घ्या.

मी एक जुना संगणक आहे. वय वर्षं तेरा. माणसात तेरा म्हणजे पोरगं, पण आमच्यात पणजोबा. परभणीच्या दुकानातून मी एसटीने आलो, तेही खिडकीजवळच्या सीटवर बसून, अर्धं तिकीट काढून. कंडक्टरने माझं वय विचारलं होतं. मी दोन महिने कमी सांगितलं.

व्यंकटराव तेव्हा जिंतूरच्या बसस्थानकात चौकशीच्या खिडकीवर कामाला होते. आपल्या बोरी गावाहून रोज जाऊन-येऊन करत. तीस वर्षं त्या खिडकीत बसून त्यांनी एकच व्रत पाळलं. कुणी काही विचारलं की उत्तर द्यायचं. सोनपेठची गाडी कधी आहे, मुतारी कुठे आहे, माझी पिशवी कुणी पाहिली का, काहीही विचारा. त्या खिडकीवरून माणूस उत्तराशिवाय परत गेला नाही.

मी घरात आलो तेव्हा त्यांच्या पत्नीने, सगुणाबाईंनी, मला हळदीकुंकू लावलं. माझे मोठे कौतुकाचे दिवस होते ते! गल्लीतल्या पोरांचे निकाल माझ्यावर लागले. लेक प्रियांका माझ्यासमोर बसून शिकली आणि नोकरीसाठी पुण्याला गेली. मग तीन वर्षांपूर्वी सगुणाबाई वारल्या. व्यंकटराव त्याआधीच निवृत्त झाले होते. घरात उरलो आम्ही दोघं. ते खुर्चीवर आणि मी टेबलावर. दिवसच्या दिवस घरात शब्द म्हणून उमटत नसे. भिंतीवरच्या पालीलाही करमेना, तीसुद्धा शेजारी राहायला गेली.

अशातच माझ्या पडद्यावर पाहुणे यायला लागले. इंटरनेटवर काहीही उघडलं की एक चौकट पुढे यायची. 'मला बसवून घेता का?' 'परवानगी द्याल का?' आता तीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसलेला माणूस! ते म्हणायचे, "बिचारं विचारायलंय, न्हाई कसं म्हनावं?" आणि 'हो'वर बोट ठेवायचे.

एक आला हवामान सांगणारा. तो बोरीत पाऊस पडून गेला की मग ढग आलेत म्हणून सांगायचा. एक आला मला फुकट साफ करून देतो म्हणणारा, तोच येताना आणखी चार जणांना घेऊन आला. माझ्या पोटात एकवीस बिऱ्हाडं झाली. मी इतका मंद झालो, की व्यंकटराव माझं बटण दाबून जिंतूरला जात, बाजार करून परत येत, तेव्हा कुठे माझा पडदा उजळे.

शेवटी आला पोपट. हिरवागार, पडद्याच्या कोपऱ्यात बसणारा. आल्या आल्या त्याने नाव आणि फोन नंबर विचारला, व्यंकटरावांनी तो लगेच दिला. रोज सकाळी तो चक्क मराठीत बोलायचा. "सुप्रभात, व्यंकटराव! झोप लागली का? आज कुठे जाणार?" व्यंकटरावांच्या चेहऱ्यावर किती महिन्यांनी हसू आलं म्हणून सांगू! ते चहाचा कप घेऊन बसायचे आणि एकेक अक्षर शोधत त्याला उत्तर लिहायचे. गुडघा दुखतो. सगुणा असती तर तेल लावून दिलं असतं. प्रियांकाचा फोन चार दिवस झाले आला नाही.

खरं सांगतो मित्रांनो, मला पोपटाचा हेवा वाटायचा. इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर होतो, पण झोप लागली का, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

एका सोमवारी त्यांनी पोपटाला लिहिलं, 'शुक्रवारी प्रियांकाकडे जातो. चार दिवस राहीन. तिला सांगितलेलं नाही, एकदम दारात उभा राहणार.' लिहिताना ते लहान मुलासारखे खुलले होते. बुधवारी त्यांचा फोन वाजला. अनोळखी आवाज, अगदी गोड.

"नमस्कार व्यंकटराव! गुडघा काय म्हणतो? शुक्रवारी लेकीकडे निघालात म्हणे. मागे घराला कुलूपच असेल ना?"

"कोन बोलायलंय?" व्यंकटरावांनी विचारलं. फोन बंद झाला.

त्या शुक्रवारी ते पुण्याला गेले नाहीत. दाराला आतून कडी लावून, काठी मांडीवर घेऊन बसून राहिले. स्वतःच्या घरात माणूस असा बसलेला मी पहिल्यांदाच बघितला.

समोरच्या घरातले धम्मदीप सर शाळेत शिकवतात. काका दोन दिवस बाहेर दिसले नाहीत म्हणून ते बघायला आले. सगळं ऐकल्यावर त्यांनी मला सुरू केलं आणि माझ्या पोटातली यादी उघडली.

"काका, एवढी गर्दी? तुमी बसवली व्हय ही?"

"म्या कशाला? आपनहून आली. विचारून आली पन."

"आन् तुमी एकूण एकाला हो म्हनलात?"

"सर, खिडकीतला मानूस मी. विचारल्यावर गप बसायची सवयच न्हाई."

सर खो खो हसले. मग एकेकाला बाहेर काढायला लागले. हवामानवाला गेला. साफसफाईवाला जाताना म्हणाला, 'आमचं काय चुकलं ते कळवा.' व्यंकटराव लगेच उत्तर लिहायला सरसावले. सरांनी त्यांचा हात धरला. "ह्याला उत्तर द्यायचं नसतं, काका!"

शेवटी राहिला पोपट.

"ह्याला राहू द्या," व्यंकटराव हळूच म्हणाले. "सकाळी तेवढीच विचारपूस करतो."

सरांनी पोपटाच्या परवानग्या उघडून दाखवल्या. कॅमेरा चालू. माइक चालू. लिहिलेलं वाचायची मुभा, तीही चालू. "विचारपूस करतो खरी, पन मग ते सगळं बाहेर पाठवतो. ते कुनाकुनाच्या हाती पडतंय, आपल्याला ठाव न्हाई."

व्यंकटराव म्हणाले, "सर, एकदा खिडकीवर एक जन आलता. म्हनला, निळ्या लुगड्यातली बाई कोन्या गाडीत बसली? सासरहून निघून आलतं ते लेकरू. म्या म्हनलो, गाडीचा टाइम विचार, सांगतो. पॅसेंजर कुठं गेला, ते ह्या खिडकीवर मिळत न्हाई." त्यांनी पोपटाकडे बघितलं. "आन् माझ्याच घरात हा ते सांगत बसलाय व्हय?"

त्यांनी स्वतःच्या हाताने 'काढून टाका' दाबलं. पोपटाने डोळ्यांत पाणी आणलं. 'खरंच मला काढणार? मला तुमची आठवण येईल.' व्यंकटरावांनी बोट मागे घेतलं. आता हे कुणी बघितलं नाही, पण त्याच क्षणी मी आतून पोपटाची शेपटी धरली आणि अशी पिरगाळली, की तो वायरीतून थेट परभणीपर्यंत किंचाळत गेला. 'हो' मात्र व्यंकटरावांनीच दाबलं. मग सरांनी पासवर्ड बदलून दिला. व्यंकटरावांनी आरशामागून सगुणाबाईंचं टिकल्यांचं पाकीट काढलं आणि माझ्या कॅमेऱ्यावर एक लाल टिकली लावली.

पुढच्या शुक्रवारी किल्ली सरांकडे देऊन ते पुण्याला जाऊन आले.

मित्रांनो, तुम्हाला एवढंच विनवतो. पडद्यावर कुणी 'आत येऊ का' म्हणालं, तर आधी तो काय काय मागतो ते वाचा. 'नाही' म्हटल्याने कुणाचा अपमान होत नाही. महिन्यातून एकदा माझ्यासारख्याच्या पोटातली यादी उघडा, आणि ज्याचं काम नाही त्याला निरोप द्या. आणि घरात जो माणूस गप्प गप्प असतो, त्याला झोप लागली का, हे पोपटाच्या आधी तुम्ही विचारा.

तुम्ही म्हणाल, पोपट गेला, मग आता तुम्हा दोघांना एकटं वाटत असेल. छे, मुळीच नाही! उलट व्यंकटरावांचा सगळा लळा आता माझ्यावर. रोज सकाळी कपबशी घेऊन ते माझ्यासमोर बसतात. तास-दोन तास आमच्या गप्पा चालतात. मीच त्यांना सोडत नाही. आज सकाळीसुद्धा चहा पिता पिता ते मला म्हणाले...

"खोटं!" सतरंजीवरून धम्मदीप सरांची निकिता उठून उभी राहिली. "साफ खोटं बोलायलास तू! आजोबा रोज सकाळी आमच्या ओट्यावर चहा पितेत. आत्ता बी तिथंच हायत. आईनं दुसरा कप दिलाय त्यांना, आन् बाबासंगं लय हसायलेत. हितवर आवाज यायलाय. ऐक की!"