बरण्यांची टोपडी

"वाकडी आलीय. राहू दे, मैने, तुला नाही जमायचं."

थोरल्या बहिणीचं हे बोलणं मैनाने ऐकलं तेव्हा ती दुसरीत होती. त्या आवाजात राग नव्हता, हसूही नव्हतं. दातात दोरा धरून बोलावं तसा तो बारीक, आवळलेला होता. मैनाच्या हातात पांढरा रुमाल होता. आदल्या संध्याकाळी तिने त्याची एक कड दुमडून शिवली होती, जन्मातली पहिली शिवण. रात्रपाळीहून आई आली की दाखवायची म्हणून रुमाल उशीखाली ठेवला होता. दिव्याच्या उजेडात ती सरळ दिसली होती, एकामागे एक निघालेल्या मुंग्यांसारखी. सकाळी पाहिलं तर मुंग्या वाट चुकल्या होत्या.

आईला रुमाल दाखवला गेलाच नाही. आपले डोळे फसवे आणि हात त्याहून फसवे, अशी मैनाने मनाशी समजूत करून घेतली. खरं काय ते तोंड.

आणि तोंडाने तिला कधी दगा दिला नाही. शाळेत पाठांतराची बक्षिसं तिची, पुढे नोकरीही तोंडाचीच. बसस्थानकावर काचेच्या खोलीत माईकपुढे बसून ती गाड्या सांगायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठलीला उशीर, कुणाचं मूल चुकून चौकशीच्या खिडकीशी रडत बसलंय. सगळं गाव तिच्या आवाजावर उठे आणि निघे. घरी मात्र तिला साधं बटण लावता येत नव्हतं. घर थोरलीचं होतं. शिवण तिची, भट्टीतला पाव तिचा, अंगणातल्या अंजिराचा दरवर्षीचा जॅमही तिचाच. लग्नं दोघींचीही झाली नाहीत. का, ते विचारणारे आता कुणी उरले नव्हते. मैना बाहेरचं पाही, थोरली आतलं, आणि मधल्या उंबऱ्यावर दोघींचं बरं चाललं होतं.

निवृत्तीनंतर मैनाने एकदाच चोरून पाव भाजून पाहिला होता. तो पाव अजून घरात होता. स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून थोरली तो दाराशी लावून ठेवायची. उंदरांनीही त्याला तोंड लावलं नव्हतं. कुणी विचारलं की थोरली गंभीरपणे सांगायची, "आमच्या मैनाने केलाय. टिकाऊ आहे."

आज सकाळी मात्र मैना शिडीवर होती, कमरेला पिशवी बांधून, अंजिराच्या झाडात छातीपर्यंत घुसलेली. केसांत पानं, हाताला चीक, आणि अंगात शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं काहीतरी सळसळत होतं.

थोरलीने आठवड्यापूर्वीच जाहीर केलं होतं की यंदाचं फळ बेचव आहे, जॅम करायचा नाही. मैनाने जमिनीवर पडलेलं एक उचलून खाल्लं होतं. ते मधासारखं होतं. मग ताईने असं का म्हणावं? उत्तर तिला डोळ्यांनी नाही, कानांनीच सापडलं होतं. सकाळी शेजारच्या खोलीत थोरली चहा पीत असताना कपाची बशीवर किणकिण ऐकू यायची. पूर्वी कधी यायची नाही. पुढे थोरली बशी घेईनाशीच झाली. कप दोन्ही हातांत धरायची आणि मैना आत आली की खाली ठेवायची. शिवणयंत्रावर चादर पडली होती, ती निघाली नव्हती.

दोघीही त्याबद्दल बोलल्या नाहीत. पण काल थोरली रिकाम्या बरण्या पोत्यात भरत होती. माळ्यावर टाकू, म्हणाली, उगाच जागा अडवतात.  या बरण्या एकदा माळ्यावर गेल्या तर त्यांच्याबरोबर ताईही थोडी वर जाऊन बसेल आणि मग कितीही हाका मारल्या तरी उतरायची नाही. म्हणून आज जॅम व्हायलाच हवा होता. ताईचे हात नसतील, तर हे दोन बिनकामाचे का होईना, होतेच की.

"मैनाताई, ही गाडी कुठं निघाली?" भिंतीपलीकडून शेजारचे ड्रायव्हर विचारत होते. तेही त्याच बसस्थानकातून निवृत्त झालेले. वर्षानुवर्षं तिच्या आवाजावर गाडी काढली, तेव्हा आता मस्करीचा हक्क आपलाच, असं ते मानत.

मैनाने वरूनच सांगितलं की गाडी जॅमला निघाली आहे, आणि त्यांच्या झाडाची चार लिंबं मिळाली तर उपकार होतील.

"चालक कोण?"

"मी."

ड्रायव्हरांनी शिडीच्या टोकापर्यंत नजर नेली. मग म्हणाले, "लिंबं देतो. बसणार मात्र नाही."

स्वयंपाकघरात थोरली दाराकडे पाठ करून बसली होती. मैनाने पिशवी ओट्यावर रिकामी केली तेव्हा तिने एकदा फळांकडे पाहिलं, एकदा बहिणीच्या चिकट हातांकडे.

"हात दाखवून अवलक्षण," एवढं म्हणाली आणि उठून बाहेरच्या खोलीत गेली. पण दार लावून घेतलं नाही. पाव होता तिथेच राहिला.

थोरलीला माहीत नव्हतं ते हे, की मैनाला सगळा जॅम पाठ होता. तिने तो कधी पाहिला नव्हता, थोरली कुणाला ओट्याशी उभं राहू द्यायची नाही. पण दर वर्षी त्या दिवशी मैना रजा घेऊन शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसायची आणि ऐकायची. सुरी फळातून जाताना ओला, मऊ आवाज. साखर पातेल्यात पडतानाची सर. लिंबू पिळताना थोरलीचं हलकंसं शिंकणं. आणि मग आईची ओवी, जी थोरली फक्त याच दिवशी म्हणायची:

*साखर विरेल बाई, आच ठेव गं धाकटी,*
*उकळी फुटल्यावर, नको सोडूस एकटी.*

मैनाने पोत्यातल्या बरण्या उकळत्या पाण्यातून काढून पालथ्या घातल्या. अंजिरं चिरली. साखर घातली, सर ऐकू आली, वर ड्रायव्हरांची लिंबं पिळली. ओवी म्हणत म्हणत मंद आचेवर ढवळत राहिली. तळाशी पळी घासताना साखरेची करकर लागत होती. ती हळूहळू बारीक झाली, मग रेशमी, मग नाहीशी. विरली! तिने आच मोठी केली. पातेल्यात आधी कुजबुज झाली, मग गडबड, मग गुलाबी गर असा उसळला की शाळा सुटावी. मैनाला हसू आवरेना. एवढी वर्षं भिंतीआडून ऐकलेल्या माणसाचं तोंड आज पहिल्यांदा दिसत होतं.

तिने पळी काठावर तीनदा आपटली. टक, टक, टक. थोड्या वेळाने पुन्हा तीनदा.

"ते काय चाललंय?" बाहेरून आवाज आला.

मैना म्हणाली, तूच करतेस की.

"मी काय करते?"

"टकटक. उकळी फुटली की तीनदा. दर वेळी."

 बाहेर खुर्ची सरकली. थोरली दारात येऊन उभी राहिली, पातेल्यात डोकावली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मैनाने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. ती हसत होती. पोट धरून, दाराला टेकून हसत होती.

"अगं शहाणे, मी फेस काढते! पळीवरचा फेस वाटीत झटकते, त्याचा आवाज तो. तुझ्या पातेल्यात फेस बघ केवढा, आणि तू नुसती मंदिरातल्यासारखी घंटा वाजवतेस."

मैनाने घाईघाईने फेस काढला. ऐकून ऐकून पोहायला शिकलेल्याचं असंच होणार, असं थोरली पुटपुटली. पण परत गेली नाही. हात पदराखाली घेऊन ओट्याशी उभी राहिली.  मैनाने मान वळवली नाही. झाडावर पाखरू बसलं की वर बघू नये, तसं.

आता उकळीचा आवाज बदलत होता. खळखळ जाऊन जाड, दमदार भदभद सुरू झाली होती. इथवर मैनाचे कान आले होते. यापुढे दर वर्षी शेजारच्या खोलीत एक लांब शांतता ऐकू यायची आणि त्यानंतर एकदम बरण्यांचा आवाज. त्या शांततेत ताई काय करते, ते तिला माहीत नव्हतं. झाला का? उतरवू का? लवकर उतरवला तर पाणी, उशीर झाला तर दाराला लावायला दुसरा पाव. मैना नुसती ढवळत राहिली.

तिने विचारलं नाही. थोरलीनेही सांगितलं नाही. ती फ्रिजकडे गेली, वरचा कप्पा उघडला आणि एक बशी काढली, बर्फासारखी गार. ती कधी तिथे ठेवली होती कुणास ठाऊक. मैना झाडावर असतानाच ठेवली असणार. बशी पुढे करताना ती थरथरत होती. पदराबाहेर आलेला हात आता दोघींच्या मध्ये होता, उघडा. मैनाने खालून आपला तळवा लावला. बशी स्थिर झाली.

"थेंब टाक. आता बोटाने ढकल."

थेंब ढकलला तर तो पाण्यासारखा पळाला. थोरली नाही म्हणाली. भदभद अजून चालू राहिली. दुसरा थेंब जरा रेंगाळला. तिसरा टाकला, मैनाने बोट पुढे सरकवलं आणि त्या इवल्याशा गुलाबी थेंबाच्या पाठीवर सुरकुती पडली. अगदी नाजूक, दोघींच्या हातांच्या पाठीवर होती तशी.

"ताई!"

"ओरडू नकोस. उतरव."

बरण्या भरल्या, काठ पुसले, झाकणं घट्ट लावली. खिडकीशी रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा दुपारचं ऊन त्यांच्यातून आरपार जात होतं. लिंबांची वसुली करायला ड्रायव्हर आलेच होते. ते स्टुलावर बसले आणि कुणी न सांगता पावाचा तुकडा हातात धरून राहिले. बेकरीचा, अर्थात.

तेवढ्यात एका बरणीचं झाकण गार होत होत आत ओढलं गेलं. टक्.

हा आवाज मैनाला ठाऊक होता. तिने कंबर सरळ केली, घसा खाकरला, आणि काचेच्या खोलीतला तो जुना आवाज घरभर घुमला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. अंजीर जॅम, पहिली बरणी, खिडकीच्या फलाटावर येत आहे." टक्. "दुसरी बरणी येत आहे." टक्, टक्. ड्रायव्हर टाळ्या पिटू लागले. एक बरणी बराच वेळ गप्प राहिली, तेव्हा मैनाने तिला तांत्रिक बिघाडामुळे उशीर होत असल्याचं सांगितलं आणि दिलगिरी व्यक्त केली. शेवटी तीही बोलली. थोरली तोंडाला पदर लावून बसली होती, पण खांदे हलत होते.

ड्रायव्हर खाऊन, बोटं चाटून, पुढच्या वर्षीच्या लिंबांचं आत्ताच आरक्षण देऊन गेले.

मग थोरली म्हणाली की बरण्या उघड्याबोडक्या बऱ्या दिसत नाहीत. दर वर्षी ती त्यांना कापडाची टोपडी घालायची, शिवणकामातून उरलेल्या चिंध्यांची, कडेने शिवलेली. तिने स्वतःच यंत्रावरची चादर ओढली. मैनाने बशी कापडावर पालथी घालून खडूने गोल आखले, कात्रीने कापले. दोरा ओवायला तिला चार वेळा जमलं नाही, पाचव्या वेळी जमलं. पण पायाने यंत्राचा पायटा मारताना चाक उलटंच फिरायचं, दोरा तुटायचा.

"नाचता येईना..." थोरलीने सुरुवात केली, पण पुढचं बोलली नाही. स्टूल ओढून ती बहिणीच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून, आणि आपली दोन्ही पावलं पायट्यावर ठेवली. तिचे पाय थरथरत नव्हते.

"तू नुसतं कापड धर. ओढू नकोस, सोडू नकोस."

चाक फिरलं. पायांची चाल जुनी, सवयीची होती. हात नवे, भ्यालेले. तरी कापड सुईखालून सरकू लागलं आणि त्यामागे टाके निघाले, एकामागे एक.  गोल पुरा झाला तेव्हा मैनाने दोरा तोडला, टोपडं खिडकीशी नेलं, उजेडात धरलं आणि परत आणलं. डोळ्यांवर तिचा विश्वास नव्हताच. तिने ते थोरलीपुढे धरलं.

"वाकडी आलीय का गं, ताई?"

थोरलीने बोट कडेवरून फिरवलं. थरथरतं बोट, पण शिवणीवर ते सरळ चाललं, जिथून निघालं तिथे परत आलं. मग तिने टोपडं मांडीवर सपाट करून ठेवलं. तिच्या आवाजात आता दाताखालचा दोरा नव्हता.

"तुझी तेव्हाचीही सरळच होती, मैने. रुमालाची. तू झोपल्यावर मी उसवली आणि वाकडी घातली. घरात बक्षिसं सगळी तुझी होती गं. सुई तेवढी माझी होती."