हिरव्या चेहऱ्याचा अंक

बारामतीच्या स्नेहबंध महासंघाचं 'स्नेहवार्ता' नावाचं चार पानांचं मासिक निघायचं. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आरोग्याचं आणि दिव्यांगांचं काम करणाऱ्या सत्तावीस लहानमोठ्या संस्थांना उपयोगी बातम्या आणि माहिती मिळावी, एवढ्याचसाठी हे मासिक आहे, असं पहिल्या पानावर दर महिन्याला ठळक अक्षरांत छापलेलं असे. त्या ओळीच्या खाली काय असे, ते मुबशिराने मोजून ठेवलं होतं.

मुबशिरा महासंघाच्या कार्यालयात नऊ वर्षं होती. टायपिंग तीच करी, पानं तीच लावी, फोनही तीच घेई. मोजायची तिला खोडच होती. गेल्या बारा अंकांत मिळून एकशे अठरा फोटो. त्यात शाली एकाहत्तर, नारळ चौसष्ट, अध्यक्ष मोहनराव एकशे नऊ. उरलेल्या नऊ फोटोंत ते का नाहीत, याची चौकशी त्यांनी स्वतः केली होती. दिव्यांग माणसं सहा, त्यातली दोन पाठमोरी. कामाची माहिती चौथ्या पानावर, तीही वाढदिवसाच्या शुभेच्छा बसवून जागा उरली तर.

या महिन्यात मात्र चौथं पान तिने अख्खं अडवलं होतं. पुण्याच्या एका संस्थेचं पत्र आलं होतं. अठरा तारखेला इंदापुरात शिबिर. चाकाच्या खुर्च्या, पायाचे कॅलिपर, काठ्या, कानाची यंत्रं, ज्याची त्याची मापं घेऊन बनवून देणार. अट एकच, बारा तारखेच्या संध्याकाळी सहापर्यंत दोन्ही तालुक्यांतून पन्नास नोंदी महासंघाच्या फोनवर झाल्या पाहिजेत. पन्नासाच्या आत असतील तर माप घेणाऱ्यांची गाडी इंदापूरला थांबणार नाही. पुढचं शिबिर वर्षाने.

पत्र आलं त्याच दिवशी मुबशिराने पहिली नोंद केली होती. संस्कृती झुंबर कोकरे, वय बारा, पणदरे.

झुंबर डेअरीची दुधाची गाडी चालवायचा. मुलीला रोज गाडीत शेजारी बसवून शाळेत सोडायचा. संस्कृतीला चाकाची खुर्ची होती, महासंघानेच दिलेली. तिचीही एक गंमत होती. मापं घेतली तेव्हा पोरगी नऊ वर्षांची. खुर्ची जूनमध्ये आली आणि प्लॅस्टिकसकट कार्यालयाच्या मागच्या खोलीत जाऊन बसली, कारण ती प्रमुख पाहुण्यांच्या हस्तेच द्यायची होती. पाहुण्यांना वेळ मिळाला फेब्रुवारीत. तोवर खुर्ची होती तेवढीच राहिली, पोरगी वाढली. समारंभात फोटो छान आला; संस्कृतीचे गुडघे छातीशी आलेत ते त्यात नीट दिसत होतं. आता कमरेला जखम झाली होती.

"ताई," झुंबर फोनवर म्हणाला होता, "पोरीला औंदा आठवीत घालायचं का न्हाय, तेवढं सांगा. डॉक्टर म्हणत्यात, ह्या खुर्चीत तासाच्या वर बसवू नका. शाळा काय तासाची असती व्हय?"

"पहिलं नाव तिचंच लिहिलंय, झुंबरभाऊ."

"पन्नास व्हतील?"

"अंक गावोगाव गेला की होतील."

हे वाक्य बोलताना तिला मोहनराव आठवायला हवे होते.

अंक तीन तारखेला छापून आला. बादशाहचाचांचा छापखाना बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होता आणि त्यांचं मशीन त्यांच्याच वयाचं होतं. मोहनरावांनी पहिला अंक हातात घेतला, नाकापाशी नेला, लांब धरला आणि टेबलावर आपटला.

"हे काय आहे?"

पहिल्या पानावर प्रमुख पाहुण्यांचा, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत, पाव पान फोटो होता. शाईत काहीतरी घोटाळा झाला होता. साहेबांचा चेहरा कैरीसारखा हिरवागार.

"जरा हिरवट आलाय खरा," बादशाहचाचा म्हणाले. "पण ओळखू येतायत की."

"ओळखू येतायत हाच तर घोळ आहे! सगळे परत छापा. हे पाचशे माझ्या नजरेसमोर नकोत."

पाच तारखेला नवे पाचशे आले. साहेब गुलाबी. मोहनरावांनी गठ्ठ्यांना लाल फीत बांधली, कपाटात ठेवले आणि किल्ली खिशात टाकली. विमोचन सहा तारखेला होतं. सहाला साहेबांना लग्न निघालं, म्हणून अकरा. मग अकरालाही काही जमेना.

"अठरा दिलीय," मोहनराव फोन ठेवत म्हणाले. "अठरा पक्की."

मुबशिराने खुर्ची पुढे ओढली. "अध्यक्षसाहेब, अठराला तर शिबिर आहे."

"कसलं शिबिर?"

"पान चार."

मोहनरावांनी मान हलवली. पान चारपर्यंत ते कधी गेले नव्हते, पण तिथे काहीतरी असतं हे ऐकून होते.

"नोंदी बारापर्यंत घ्यायच्यात. विमोचन नंतर करा की. अंक आधी वाटू."

"ताई, विमोचनाआधी अंक बाहेर गेला, तर साहेबांच्या हातात काय शिळा अंक द्यायचा?"

"मग नुसती सूचना व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाका."

तो ग्रुप सगळ्या संस्थांचा होता, पण लिहायचा हक्क पदाधिकाऱ्यांनी स्वतःपुरता ठेवला होता. त्यात फक्त तेच लिहू शकत आणि ते फक्त सुप्रभात लिहीत.

"म्हणजे अंक फुटला की! अंकात काय आहे ते लोकांना आधीच कळलं, तर साहेबांनी फीत सोडून दाखवायचं काय? नाही नाही. शिस्त म्हणून काही असते. आणि अठराला हॉलमध्ये पुढच्या दोन ओळी दिव्यांग बांधवांच्या. चाकाच्या खुर्च्या पुढं, काठीवाले मागं. फोटोत नीट दिसले पाहिजेत."

नोंदवहीत तेव्हा चार नावं होती. मुबशिराने सत्तावीस संस्थांना फोन लावून पाहिले. अकरांनी उचलले. त्यातल्या सातांनी "अंक आला की बघतो" असं सांगितलं, तिघांनी विमोचनाला गाडीची सोय आहे का ते विचारलं आणि एकाने आपला सत्कार या वर्षी तरी घ्या म्हणून गळ घातली. नावं चारची चारच राहिली.

आठ तारखेला संध्याकाळी ती छापखान्यात गेली. कोपऱ्यात हिरव्या साहेबांचा ढीग जसाच्या तसा पडला होता.

"ह्याचं काय करणार, चाचा?"

"काय करणार? रद्दी. अरफात मागत होता भेळंला."

अरफात त्यांचा थोरला. एसटी स्टँडच्या तोंडाशी त्याची भेळेची गाडी. मुबशिराने ढिगातला एक अंक उचलला. स्टँडवर तिने स्वतः नऊ वर्षं एसटीची वाट पाहिली होती आणि लोक काय करतात तेही मोजलं होतं. एसटी येत नाही, भेळ संपते, मग माणूस हातातला कागद वाचतो. उलटा करून वाचतो. फाटलेली बातमी असली तर पुढचा तुकडा शेजाऱ्याच्या हातात आहे का तेही बघतो. महासंघाच्या सत्तावीस संस्थांतून एवढा मन लावून वाचणारा तिला कधी भेटला नव्हता.

"चाचा, अध्यक्षांनी अंक बाहेर काढू नका म्हणून सांगितलंय."

"मग?"

"हा अंक नाही ना. ही रद्दी आहे. मधोमध कापा. साहेबांची बाजू चुलीला ठेवा, पान चारची अरफातला द्या. आत कोरा कागद, बाहेर आमचा. आणि पान चार वर यायला पाहिजे."

बादशाहचाचा चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिले. "बेटी, तू नोकरी करतीस का घालवतीस?"

"दोन्ही चाललंय."

नऊ तारीख बाजाराची. सकाळपासून अरफातच्या गाडीवरून पुडे बांधून जात होते. कुणी उभ्याने खात होतं, कुणी घरी पोरांना म्हणून सुकी भेळ नेत होतं. तो पुडा बांधताना फक्त एवढंच म्हणायचा, "मावशी, कागद टाकू नका. कुणाला चालता येत न्हाय, ऐकू येत न्हाय, त्याच्यासाठी लिवलंय."

दुपारी दोनला कार्यालयातला फोन वाजला.

"हॅलो, ते खुर्चीचं हितंच हाय का? सोमेश्वरनगरास्नं बोलतोय. कारखान्यावर. आमच्या म्हस्कूचा पाय गेलाय. कागदाला तेल लागलंय, सातबारा लागतो का उत्पन्नाचा दाखला त्ये दिसंना."

"उत्पन्नाचा. आणि दिव्यांगाचं कार्ड."

"सातबारा न्हाय ना? बरं झालं. त्यो भावाकडं हाय, आन् भाऊ बोलत न्हाय."

संध्याकाळपर्यंत एकोणीस. दहा तारखेला तेहतीस. एका बाईने निमगावहून विचारलं, सासूला ऐकू येत नाही हे खरं, पण यंत्र दिल्यावर तिला सगळंच ऐकू यायला लागेल का, थोडं कमी करता येतं का. मुबशिराने कमी करायचं बटण असतं म्हणून सांगितलं आणि नाव लिहून घेतलं.

नाव लिहून झालं की ती प्रत्येकाला न चुकता एकच गोष्ट सांगे. "शिबिरात फॉर्मवर वस्तू कुठं पोचवायची ते विचारतील. तिथं महासंघाचा पत्ता लिहायचा नाही. स्वतःच्या घराचा लिहायचा. घराचा."

अकरा तारखेला मोहनराव चहाला आले तर फोन थांबेना.

"कोण एवढं फोन करतंय?"

"दिव्यांग."

"आपल्याला? कशाला?" त्यांना खरोखरच नवल वाटलं.

"विमोचन कधी आहे ते विचारतायत," मुबशिरा म्हणाली. मोहनरावांनी दुसरा चहा मागवला.

बाराला संध्याकाळी पाच वाजता वहीत अठ्ठेचाळीस नावं होती. सव्वापाचला एकोणपन्नास. मग फोन गप्प. पावणेसहा. मुबशिरा फोनकडे बघत होती, फोन भिंतीकडे. सहाला दहा कमी असताना झुंबरचाच फोन आला.

"ताई, किती?"

"एकोणपन्नास."

पलीकडून दुधाच्या कॅन आपटल्याचा आवाज आला, मग झुंबर कुणावर तरी ओरडला, "अरं बिरदेव, हिकडं ये! तुझ्या चुलत्याची काठी मोडलीय न्हवं? त्येचं सगळं नाव सांग. लवकर! लाजतोस काय, काठीच मागायचीय, पोरगी न्हवं!"

पन्नासावं नाव सहाला सात मिनिटं कमी असताना लागलं. यादी सहाच्या आत पुण्याला गेली.

अठराला हॉलमध्ये पुढच्या दोन ओळी रिकाम्या होत्या. चाकाच्या खुर्च्यांसाठी खडूने आखलेले चौकोन तेवढे हजर होते. साहेब दोन तास उशिरा येत होते, त्या दोन तासांत मोहनरावांनी चार वेळा दारापर्यंत जाऊन पाहिलं.

"ताई, बांधव कुठंयत?"

"येतो म्हणाले नव्हते."

शेवटी मोहनरावांनी कार्यालयातली नमुन्याची खुर्ची मागवली आणि उपाध्यक्ष अविराज यांना तीत बसवलं. अविराज तालुका पातळीवर कबड्डी खेळलेले होते. "मांडी झाका जरा," मोहनराव म्हणाले आणि त्यांच्या अंगावर एक शाल टाकली. साहेब आले, गहिवरले, खाली उतरून स्वतः शाल द्यायला पुढे झाले. आणि अविराज, सवयीने, ती घ्यायला ताडकन उठून उभे राहिले.

टाळ्या वाजल्या. कुणीतरी मागून "चमत्कार!" म्हणालं.

फीत सुटली. साहेबांनी गुलाबी साहेब छातीशी धरून फोटो दिला. मग, कुणी भाषण करेपर्यंत वेळ काढायचा म्हणून, अंक उलटला. महासंघाच्या इतिहासात पान चार पहिल्यांदाच विमोचकाच्या नजरेला पडलं.

"मोहनराव, हे शिबिर तर आजचंच आहे."

मोहनरावांनी मुबशिराकडे पाहिलं. मुबशिरा म्हणाली, "हो साहेब. सगळे तिकडेच गेलेत."

"अंक तर आत्ता सुटला," साहेब म्हणाले. "त्यांना कळलं कसं?"

"महासंघाची यंत्रणा आहे, साहेब," मोहनराव ताबडतोब म्हणाले. "तळागाळापर्यंत!"

पुन्हा टाळ्या.

साहेब गेले, तेवढ्यात झुंबरचा फोन आला. मुबशिरा हॉलच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली.

"ताई, घेतली मापं. बैठक चौदा इंच. गुडघ्यापासनं टाचंपर्यंत पंधरा. वाढत्या अंगाची म्हणून पायाची पट्टी खाली सरकणारी देणार हायत. थांबा, पोरगी बोलतीय."

"मावशी," संस्कृती म्हणाली, "मी त्यांना सांगितलं, शाळेचा डेस्क उंच आहे. तर त्यांनी त्याचं पण लिहून घेतलं. दीड महिन्यात येणार म्हणाले. शाळा सुरू व्हायच्या आत."

"पत्ता कुठला लिहिला?"

"घराचा. पप्पांनी तीनदा वाचून घेतला."

मुबशिरा आत आली तेव्हा मोहनराव पुढच्या अंकाच्या पहिल्या पानाला लागले होते. "लिहून घ्या ताई. 'महासंघाच्या अथक प्रयत्नांतून इंदापूरचे शिबिर यशस्वी.' माझा फोटो डावीकडं. साहेब उजवीकडं. खुर्च्या कधी येतायत?"

"दीड महिन्यात."

"आल्या की मागच्या खोलीत लावून घ्या. प्लॅस्टिक काढू नका. प्रदान सोहळा मोठा करू. साहेबांची तारीख मी घेतो, दिवाळीच्या आसपास मिळेल."

"खुर्च्या इथं नाही येणार."

"मग?"

"एक पणदऱ्याला कोकरेंच्या दारात. एक सोमेश्वरनगरला. ज्याची त्याच्या घरी. फॉर्मवर ज्याने त्याने आपापल्या सहीने पत्ता दिलाय. आता बदलता येत नाही."

मोहनरावांनी बोटांवर हिशेब केला. चाळीस-पन्नास प्रदानं, तेवढेच फोटो, डोळ्यांदेखत गावोगाव विखुरले होते. "निदान त्या पणदऱ्याच्या पोरीला इथं घेऊन यायला सांगा. नुसतं फोटोपुरतं."

"तिची शाळा असते, अध्यक्षसाहेब. पूर्ण वेळ."

संध्याकाळी मुबशिरा पुढचा अंक लावायला बसली. पहिलं पान मोहनरावांनी सांगितलं तसं केलं, एकही शाल कमी केली नाही. चौथ्या पानावर लिहिलं: खुर्ची दारात आली की आधी ब्रेक बघा, मग पायाच्या पट्टीची उंची, आणि बसल्यावर बोचत असेल तर सात दिवसांच्या आत फोन करा. मग ते घेऊन ती छापखान्यात गेली.

बादशाहचाचांनी पानं पाहिली. "परत साहेब?"

"परत. उजवीकडं." पर्स खांद्याला लावत ती म्हणाली, "आणि चाचा, पहिले पाचशे थोडे हिरवेच येऊ देत."