दाराच्या भिंगातून स्टॉकहोम

नॉर्वेतल्या बर्गेनहून सॉल्वेग आपल्या जुन्या मैत्रिणीकडे, गुनिलाकडे, स्टॉकहोम बघायला आली. आल्यापासून रोज दोघी कोट चढवून बंद दाराआडच उभ्या. गुनिलाचा डोळा दाराच्या भिंगाला चिकटलेला.

"थांब गं, समोरचा शेजारी जिन्यात भेटला तर?"

"भेटला तर काय खाईल तुला?"

"त्याहून वाईट. नमस्कार करावा लागेल!"

सॉल्वेगचं डोकं फिरलं. "मर मग इथंच!" म्हणत तिनं दार उघडलं. त्याच क्षणी समोरचंही दार उघडलं आणि शेजाऱ्याचा डेन्मार्कहून आलेला पाहुणा तणतणत बाहेर पडला. तोही रोज यजमानामागे दाराआड थांबून कोटात घामाघूम. मग दोघांनी मिळून सगळं शहर पालथं घातलं.

पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. आग्रहाचं आमंत्रण गुनिलालाही होतं, शेजाऱ्यालाही. दोघं नटूनथटून अजून आपापल्या दाराआड उभे आहेत.