धाविकांचा माळ

मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या दोन्ही भिंगांत बुरशीची जाळी पसरली आहे. समोर माणूस उभा आहे की झाड, हेसुद्धा आता मला धड सांगता येत नाही. पण मित्रांनो, एके काळी पन्नास पावलांवरूनही मला दगड कोणता आणि अंडं कोणतं हे कळत असे.

माझी पहिली वर्षं घोड्यांच्या शर्यती पाहण्यात गेली. मालक वारले, तेव्हा त्यांच्या मुलांनी मला जुन्या बाजारात नेऊन टाकलं. गंजलेले नळ आणि मुके रेडिओ यांच्या शेजारी मी पडून राहिले. १९९८ साली एका रविवारी दशरथ गजभिये यांनी मला उचललं. ते नोकरीसाठी भंडाऱ्याहून पुण्याला आले होते आणि टपाल खात्यात होते. त्यांच्या तेरा वर्षांच्या नम्रताला पक्ष्यांचं वेड लागलं होतं.

हडपसरला त्यांच्या घरामागे थोडं चाललं की एक माळ लागायचा. खुरटं गवत, चार बाभळी आणि बाकी सगळे खडे. लोक म्हणत, तिथे काहीच नाही. नम्रता रोज शाळेआधी मला गळ्यात अडकवून तिथे जायची. सुरुवातीला तिला प्रत्येक करडा पक्षी चिमणीच वाटे. मग टिटवी कळली, चंडोल कळला, ससाणा आणि शिक्रा यांतला फरक कळला. तिला हे शिकवलं अनिरुद्ध सरांनी. ते तिच्या शाळेत विज्ञान शिकवत आणि रविवारी मुलांना माळावर नेत. तिच्या वहीतलं प्रत्येक पान वाचून ते खाली सही करत.

“दिसलं तेवढंच लिहायचं,” ते म्हणत. “शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं. लाजायचं नाही.”

पुढच्या एप्रिलमध्ये तिला धाविक दिसला. मातीच्या रंगाचा, उंच पायांचा, डोळ्यावर पांढरी भुवई असलेला पक्षी. तो चार पावलं धावे, थबके आणि पुन्हा धावे. सलग तीन दिवस सकाळी ती बाभळीखाली पोटावर पडून राहिली. कोपरांना खडे रुतले, मुंग्या चावल्या, पण तिने मला हलू दिलं नाही. तिसऱ्या सकाळी पक्षी उघड्या जमिनीवर बसला. तो उठला तेव्हा खाली दोन ठिपकेदार अंडी होती. तिने पडल्या पडल्याच वही उघडून ते लिहिलं, प्रश्नचिन्ह न टाकता.

रविवारी सरांनीही माझ्यातून ती अंडी पाहिली. “नम्रता, पुण्याच्या इतक्या जवळ धाविकाचं घरटं मी पहिल्यांदाच पाहतोय,” ते म्हणाले. त्या दिवशीच्या सहीखाली त्यांनी ‘शाब्बास’ असंही लिहिलं.

वर्षभरात सरांनी शाळा सोडली. बांधकामांसाठी पर्यावरणाचे अहवाल लिहून देणाऱ्या एका कंपनीत ते लागले. त्याच सुमारास माळावर संगणक कंपन्यांच्या इमारती येणार, असं कळलं. लोकांचं म्हणणं ऐकायला सभा भरली. बाबांचा हात धरून नम्रता गेली. मी तिच्या गळ्यात होते.

सरांनी अहवाल वाचला. ‘जमीन ओसाड. उल्लेखनीय पक्षी आढळले नाहीत.’

नम्रता उभी राहिली. “सर, धाविक आहेत. दोन वर्षं घरटं होतंय. माझ्या वहीत आहे.”

सभा घेणाऱ्या सरकारी साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर हसले. “लहान मुलीची वही आहे, साहेब. उत्साहाच्या भरात मुलं काय वाटेल ते लिहितात.”

“प्रत्येक पानावर आपली सही आहे, सर,” बाबा शांतपणे म्हणाले.

“अहो, ती उत्तेजनार्थ असते.”

सभेत हशा पिकला. मागे बसलेले संभाजी काका तेवढे हसले नाहीत. त्यांची जमीन त्या माळालगत होती. “पोरी, तुझं खोटं नसंल,” ते म्हणाले. “पर आमच्या पोरांला नोकऱ्या पायजेत. पाखरं कुठंबी ऱ्हात्यात.”

बाहेर जिन्यात तिने सरांना गाठलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. “अगं, पक्ष्यांना पंख असतात. जातील दुसरीकडे.”

“अंड्यांना नसतात, सर.”

ते भरभर जिना उतरून गेले.

मार्चमध्ये यंत्रं आली. धाविकांची जोडी मातीच्या ढिगाऱ्यापुढे धावत होती, थबकत होती, पुन्हा मागे येत होती. नम्रताने ते सगळं माझ्यातून पाहिलं. त्या दिवशी तिने वहीत काही लिहिलं नाही. घरी येऊन तिने मला डब्यात घातलं आणि डबा माळ्यावर ठेवला. तिथे सात पावसाळ्यांची ओल माझ्या भिंगांत शिरली.

ती शिकली आणि त्याच इमारतींपैकी एकीत तिला नोकरी लागली. घर तिच्या पगारावर चालतं, म्हणून मी तिला दोष देत नाही. एकदा कंपनीने हिरवळीवर पक्षीनिरीक्षण ठेवलं. ‘दुर्बीण असल्यास आणावी’, अशी सूचना होती, म्हणून तिने मला डब्यातून काढून नेलं. पाहुणे होते अनिरुद्ध सर. त्यांचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी तिला ओळखलं नाही. ते सर्वांना कबुतरं दाखवत होते. मग सहज हात पुढे करून त्यांनी मला डोळ्यांना लावलं.

“अहो, यातून काहीच दिसत नाही.”

“असू दे, सर,” नम्रता म्हणाली. “अहवाल लिहायला तेवढं पुरतं.”

आता ओळख पटली. त्यांचा चेहरा उतरला. तिने मला परत घेतलं आणि ती कामाच्या जागी निघून गेली. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. पण खुर्चीत बसल्यावर ती रुमालाने माझी भिंगं पुसत राहिली, बुरशी आत आहे हे ठाऊक असूनही.

मित्रांनो, दुर्बीण कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून तिला ऊन दाखवा, एवढं तर मी सांगेनच. पण त्याहून मोठी विनंती दुसरी आहे. एखादं मूल धावत येऊन “मी पाहिलं” म्हणालं, तर हसू नका. चपला घाला आणि त्याच्याबरोबर जाऊन बघा. आणि बघितलंत, तर चार माणसांसमोर तसं सांगा.