टेस्टरमधला ठिपका

सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. वायरचं भेंडोळं, दोन होल्डर, पट्ट्या, खिळे, सगळं जमिनीवर मांडून ठेवलेलं. हॉलच्या दिव्यावरून लाइन पुढे ओढायची. एक दिवा बोळकांडीत, एक जिन्याच्या तोंडाशी. पण वडील कुणाला हात लावू देईनात.

"चाळीस वर्षं लोकांच्या घरांत उजेड केला. आता माझ्याच घरात दुसरा वायरमन?"

"दुसरा कशाला? मी करते. तुम्हीच शिकवलंय."

"तू टॉर्च धरायचीस. म्हणे शिकवलंय!"

गल्ली त्यांना उजेडमास्तर म्हणायची. गेल्या महिन्यात हे मास्तर भर दुपारी जिन्यावरून गडगडले होते. "चप्पल सटकली," म्हणाले, आणि बिचारी चप्पल फेकून दिली. पेपर अजून रोज उघडत, पण पान उलटत नसत. डोळे हा शब्द मात्र घरात कुणी उच्चारायचा नाही.

"आणि दोन दिवे कशाला? लग्नघर आहे का हे?" म्हणत ते शिडी चढले.

तिनं शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. वडिलांनी छताजवळच्या जंक्शन बॉक्सचं झाकण काढलं. बोटं अजून तरणी, न चाचपता स्क्रूवर गेली.

"मेन बोर्डवरचं बटण पाडून लाइन बंद केलीस?"

"हॉलचं पाडलंय, बाबा."

त्यांनी खिशातून टेस्टर काढला, तारेला टेकवला. टेस्टरच्या काचेत नारिंगी ठिपका उमटला, जोंधळ्याच्या दाण्याएवढा. तिला खालून दिसला.

"बंद आहे," वडील म्हणाले. टेस्टर खिशात टाकून त्यांनी उघड्या तारेकडे बोट नेलं.

"बाबा! हात मागे!"

बोट हवेतच थांबलं. "ओरडायला काय झालं?"

"टेस्टर पेटला होता. तारेत करंट आहे."

त्यांनी टेस्टर पुन्हा लावला. "आता?"

"पेटलाय."

त्यांनी मान पुढे करून डोळा काचेला भिडवला. "आता?"

"पेटलाच आहे, बाबा."

ते उतरले. प्रत्येक पायरी आधी पायानं विचारत, मग भार टाकत. खाली आल्यावर तिच्याकडे न बघता म्हणाले, "स्वयंपाकघराचंही बटण पाड. एक तार तिकडून आणलीय त्या बॉक्समध्ये. माझाच आळस."

ती बटण पाडून आली, तर त्यांनी टेस्टर पुढे केला. चाळीस वर्षं त्यांच्या खिशाबाहेर न राहिलेला.

"जा वर. आधी तपास."

ठिपका उमटला नाही. ती कामाला लागली. आता यांना बसवेना. भिंत चाचपत फेऱ्या चालू, तोंडाचा पट्टा चालू. "पीळ घट्ट दे गं. लाल लालला. टेप दोनदा फिरव. झाकण नीट बसलं का? बोल की!"

"बसलं हो, मास्तर!"

तासाभरानं तिनं बटणं वर केली. दोन्ही दिवे लागले. वडील बोळकांडीत तोंड वर करून उभे राहिले, मग कठडा धरून जिन्यापाशी गेले. एक पायरी उतरले. दुसरी उतरले. तिसरीवर पाय अडला.

"हा दिवा पुढे घे," ते म्हणाले. "इथवर. इथं मला काही दिसत नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"बघत काय बसलीस? बटण पाड आधी. शिडी मी धरतो."